छाप नसलेलं पातं नेमकं कोणत्या स्टीलचं आहे, हे घरच्या घरी कसं ओळखायचं?

प्रश्न थोडक्यात असा आहे: आजोबांच्या वेळची एक मोठी सुरी माळ्यावर सापडली, पातं साधारण नऊ इंच, कुठेही छाप नाही, टोक मोडलेलं, रंग काळपट, आता तिला नवा आकार देऊन परत पाणी द्यायचंय (म्हणजे तापवून, बुडवून कडक करायचंय) म्हणून स्टील कोणतं ते हवंय. एकजण म्हणतो ही गाडीच्या पाट्याची (स्प्रिंगच्या पट्टीची) आहे, दुसरा म्हणतो मशीन हॅक्सॉचं (यांत्रिक करवतीचं) पातं आहे म्हणजे एचएसएस (हाय स्पीड स्टील), तिसरा म्हणतो ग्राइंडरला लाव, ठिणग्या बघून लगेच कळेल.

मी पाती बनवतो, जुनी पाती दुरुस्त करतो, आणि हा प्रश्न माझ्याकडे सारखा येतो म्हणून जरा सविस्तर लिहितो. सगळ्यात आधी एक गोष्ट स्पष्ट करतो, घरी बसून ग्रेडचं नाव कुणालाच सांगता येत नाही. ईएन ४५ की ईएन ४७, ईएन ३१ की कानशीचं स्टील, हे ठिणग्या बघून छातीठोक सांगणारा माणूस अंदाज सांगतोय, बाकी काही नाही. पण तुम्हाला खरंतर नावाची गरजच नाहीये. तुम्हाला हवंय ते एवढंच की हे स्टील आगीत घातल्यावर कसं वागेल, किती तापवायचं, तेलात बुडवायचं की पाण्यात, की भट्टीच्या नादाला लागायचंच नाही. म्हणजे घराणं कळलं की काम होतं. साधं कार्बन स्टील, थोडं अलॉय (सिलिकॉन, क्रोम असली भर) असलेलं स्प्रिंगसारखं स्टील, जास्त क्रोमवालं टूल स्टील, एचएसएस, स्टेनलेस, आणि शेवटी एमएस (माइल्ड स्टील) म्हणजे ज्याला पाणी लागतच नाही, अशी ही पाच-सहा घराणी, आणि त्यातलं कोणतं हे घरच्या साधनांवर बऱ्यापैकी खात्रीने काढता येतं.

दुसरं, कडकपणा आणि स्टीलचा प्रकार यांची गल्लत करू नका. कानस घसरली म्हणजे "चांगलं स्टील" आणि कानस लागली म्हणजे "हलकं स्टील" असं लोक सर्रास धरतात. कडकपणा म्हणजे त्या पात्याला शेवटचं पाणी कसं दिलं होतं आणि त्यानंतर त्याचं काय झालं याची नोंद. एक टक्का कार्बनचं उत्तम स्टील सुद्धा कुणीतरी चुलीत टाकून हळू गार केलं असेल तर कानशीखाली मऊ लागेल, आणि ०.४ टक्केवालं साधं ईएन ८ पाण्यात बुडवलेलं असेल तर बरंच कडक लागेल. म्हणून कानस हा एक धागा आहे, निकाल नव्हे.

आता क्रम. ज्या तपासणीत पात्याचं काही बिघडत नाही ती आधी, जिच्यात तुकडा कापावा लागतो ती शेवटी. आणि त्या सगळ्याच्याही आधी वस्तू नीट बघा. मूठ काढता येत असेल तर काढा, कारण छाप पुष्कळदा मुठीच्या आत गेलेल्या शेपटावर असतो किंवा मुठीलगत असतो आणि गंजाखाली दडलेला असतो. जुन्या गावठी सुऱ्यांची मूठ लाखेत बसवलेली असते, ती काढायला गॅसचा टॉर्च लावू नका, पात्याचं पाणी उतरेल, उकळत्या पाण्यात मूठ धरली की लाख मऊ होते आणि शेपूट ओढून निघतं. ठोकलेला छाप घासून गेलेला असला तरी खालचा धातू दाबला गेलेला असतो, त्यामुळे तिथे पॉलिश करून फेरिक क्लोराइड लावलं तर कधीकधी अक्षरं परत उमटतात. हे फेरिक क्लोराइड इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात सर्किट बोर्ड खोदायला मिळतं, पुण्यात बुधवार पेठेत, मुंबईत लॅमिंग्टन रोडला.

मग पातं आधी काय होतं याची खूण शोधा. मशीन हॅक्सॉच्या पात्यापासून केलेली सुरी असेल तर जाडी साधारण दोन मिलिमीटर, एकसारखी, हातोड्याची खूण नाही, मुठीत एक मोठं गोल भोक असू शकतं (ते मूळ पात्याचं पिनचं भोक असतं), आणि पाठीवर बोट फिरवलं तर दाते घासून काढल्याची लहर कधीकधी जाणवते. पाट्याची असेल तर घडवलेली असते, जाडी मुठीकडून टोकाकडे कमी होत जाते, हातोड्याचे उथळ ठसे असतात. एक आठवण ठेवा, स्टेनलेसचं पातं १९१३ साली शेफील्डला हॅरी ब्रिअर्लीने तो धातू ओतल्यानंतरचंच असणार, त्यामुळे पणजोबांच्याही आधीची वस्तू असल्याची घरात खात्री असेल तर स्टेनलेस बाद. पण घरातल्या खात्रीवर मी फार भिस्त ठेवत नाही, "शंभर वर्षं जुनी" म्हणून आलेल्या सुऱ्यांमध्ये बसच्या पाट्याच्या निघालेल्या बऱ्याच आहेत.

मॅग्नेट लावा. चिकटलं नाही किंवा अगदीच दुबळं चिकटलं तर ते ३०४, २०२ असल्या घराण्यातलं स्टेनलेस आहे, म्हणजे ताटल्या-डब्यांचं स्टील, त्याला पाणी लागत नाही, कितीही तापवा. अशा पात्यावर वेळ घालवू नका. घट्ट चिकटलं तर एवढंच कळलं की ते नाहीये, कारण सुऱ्यांचं स्टेनलेस, म्हणजे ४२०, ४४० वगैरे, तेही मॅग्नेटला छान चिकटतं. "मॅग्नेट चिकटतंय म्हणजे स्टेनलेस नाही" हा समज अगदी दुकानदारांपर्यंत पसरलाय आणि तो चुकीचा आहे.

मग आंबट. मुठीजवळ एक बोटभर जागा पॉलिश पेपरने चकचकीत करा, साबणाने तेलकटपणा काढा आणि त्यावर व्हिनेगरमध्ये भिजवलेला कापूस ठेवा, पंधरा-वीस मिनिटं. व्हिनेगर नसेल तर लिंबू किंवा चिंचेचा कोळ. साधं कार्बन स्टील असेल तर जागा करडी-काळी पडते. स्टेनलेस असेल तर जवळजवळ काहीच होत नाही. मधलंच काहीतरी झालं, म्हणजे अगदी हलका करडा डाग, तर जास्त क्रोमचं टूल स्टील किंवा एचएसएस असण्याची शंका धरा. विळीवर कैरी चिरली की फोडी काळ्या पडतात हे घराघरात माहीत आहे, ती हीच तपासणी आहे, फक्त उलट्या बाजूने.

द्राक्षबागायतदारांच्या घरात मोरचूद (कॉपर सल्फेट) असतंच, बोर्डो मिश्रणासाठी. त्याचं निळं पाणी करून एक थेंब चकचकीत जागेवर टाकला तर कार्बन स्टीलवर काही सेकंदात तांब्याचा लाल थर बसतो, ३०४ सारख्या स्टेनलेसवर बसत नाही. जलद आहे, दिसायला ठळक आहे. पण १३ टक्के क्रोमवाल्या सुरीच्या स्टेनलेसवर हा थेंब कधीकधी फसवतो, हलका डाग देतो, आणि मोरचूद विषारी आहे, म्हणून स्वयंपाकाच्या पात्याच्या धारेकडे ते नेऊ नका, शेपटावर करा आणि धुऊन टाका.

आता जुन्या गावठी पात्यांच्या बाबतीत जी गोष्ट सगळ्यात जास्त चुकते तिच्यावर थोडं थांबतो. जुन्या काळी पोलाद महाग होतं, म्हणून लोहार सगळं पातं पोलादाचं करतच नव्हते. अंग मऊ लोखंडाचं आणि फक्त तोंडाला पोलादाची पट्टी भट्टीत जोडलेली, किंवा मध्ये पोलाद आणि दोन्ही बाजूंनी लोखंड. कुऱ्हाडी, विळ्या, अडकित्ते, रंधे, सगळ्यात हे दिसतं. अशा पात्याची पाठ ग्राइंडरला लावली तर ठिणग्या एमएसच्या निघतात आणि माणूस म्हणतो हे तर साधं लोखंड, टाकून दे. अहो, तोंड तपासलंच नाही ना. उलट फक्त तोंड बघितलं आणि सगळं पातं पोलाद समजून मागच्या भागातून नवीन छोटी सुरी कापली, तर तिला धारच टिकत नाही.

हे ओळखायला पात्याची एक बाजू पाठीपासून धारेपर्यंत पॉलिश करा, ४०० नंबरच्या पेपरपर्यंत नेलं तरी पुरतं, आणि पाणी घालून पातळ केलेलं फेरिक क्लोराइड किंवा कोमट व्हिनेगर सगळीकडे सारखं लावा. थोड्या वेळाने धारेलगत गडद पट्टा आणि वर फिकट भाग अशी रेघ दिसली तर दोन शक्यता. एक, खरोखर दोन धातू जोडलेत. दोन, धातू एकच आहे पण पाणी फक्त तोंडाला दिलंय, जसं घिसाडी अजूनही रस्त्याकडेला कोयत्याला देतात, सगळं पातं न बुडवता फक्त धार पाण्यात धरतात. दोन्ही रेघा वरवर सारख्या वाटतात. फरक काढायचा तर रेघेच्या वर आणि रेघेच्या खाली वेगवेगळ्या ठिणग्या काढून बघा, जोडलेलं असेल तर ठिणग्या वेगळ्या येतील, आणि नुसतं तोंडाला पाणी असेल तर ठिणग्या सारख्याच येतील. कारण ठिणगी कार्बन आणि अलॉय सांगते, कडकपणा सांगत नाही. शिवाय मोडलेल्या टोकाचा छेद घासून त्यावर तेच ॲसिड लावलं तर जोडलेल्या पात्यात थर सरळ दिसतात. तुमच्या सुरीचं टोक मोडलेलंच आहे, तर ही संधी आहे, आधी ती बघा.

आता ठिणग्या. स्पार्क टेस्ट उपयोगी आहेच, पण एकट्या पात्याच्या ठिणग्या बघून काही कळत नाही, ओळखीच्या तुकड्यांशी लावून बघावं लागतं. म्हणून एक छोटा संच करून ठेवा: एक एमएसचा रॉड किंवा खिळा, एक पाट्याचा तुकडा, एक तुटलेली जुनी कानस, एक बेअरिंगची रिंग, एक मशीन हॅक्सॉच्या पात्याचा तुकडा, एक स्टीलचा चमचा. हे सगळं भंगारवाल्याकडे मिळतं. चाक तेच, दाब तोच, जागा थोडी अंधारी आणि मागे काळा कपडा नाही तर काळी भिंत. चाक आधी ड्रेस करा (वरचा थर खरवडून ताजा करा) नाहीतर आधी घासलेल्या धातूचे कण मध्येच मिसळतात. आणि मोबाइल स्लो मोशनला लावून रेकॉर्ड करा, याने खूप फरक पडतो, डोळ्याला जे एक झोत दिसतं त्यातले फाटे व्हिडिओत वेगळे मोजता येतात आणि दोन तुकड्यांचे व्हिडिओ शेजारी ठेवून बघता येतात. जिथून ठिणग्या काढणार तिथला वरचा थर आधी घासून टाका, भट्टीतून निघालेल्या पात्याच्या कातडीतला कार्बन जळून गेलेला असतो, पहिल्या दोन सेकंदाच्या ठिणग्या खोटं बोलतात.

एमएसच्या ठिणग्या लांब, सरळ, पिवळसर, टोकाला एखाद-दुसरा फाटा. कार्बन वाढत जातो तशी रेघ आखूड होते आणि फाटे, फुलं वाढतात. पाट्याच्या ठिणग्यांत फुलं बऱ्यापैकी असतात पण सिलिकॉन ती थोडी दाबतं, म्हणून कार्बनच्या मानाने कमी वाटतात. कानस लावली की चाकाच्या जवळूनच दाट फुलोरा सुरू होतो, पांढराशुभ्र, आणि झोत आखूड. बेअरिंगच्या रिंगचं, म्हणजे ईएन ३१ चं, तसंच दिसतं, दीड टक्का क्रोम असल्याने रंग किंचित नारिंगीकडे झुकतो पण कानस आणि बेअरिंग यातला फरक नुसत्या डोळ्याने ठरवायला जाऊ नका. एचएसएस मात्र चुकायचं कारणच नाही, मंद तांबूस-नारिंगी, तुटक तुटक रेघा, फुलं जवळजवळ नाहीत, आणि ज्याने एकदा बघितलं तो विसरत नाही. जास्त क्रोमवालं, आपल्याकडे वर्कशॉपमध्ये ज्याला एचसीएचसीआर (हाय कार्बन हाय क्रोम) म्हणतात ते, त्याचा झोत आखूड आणि नारिंगी, टोकाला बारीक बारीक फुटलेली फुलं. ३०४ स्टेनलेसच्या ठिणग्या नारिंगी, कमी, बिनफुलाच्या.

इथे सावधगिरी एकच सांगतो पण ती पाळा. त्याच चाकावर आधी ॲल्युमिनियम घासलेलं असेल तर ती पूड आणि लोखंडाच्या ठिणग्या एकत्र येऊ देऊ नका, ते पेट घेतं. गॉगल पाहिजेच. आणि जस्ताचा मुलामा असलेलं काहीही तापवायचं नाही, त्याचा धूर वाईट.

ठिणग्यांनी तुमचे पर्याय दोन-तीनवर येतात. त्यापुढे मला सगळ्यात भरवशाची वाटते ती तुकड्याची परीक्षा, कारण ती तुम्हाला थेट तेच सांगते जे जाणून घ्यायचंय. शेपटाच्या टोकातून किंवा जो भाग नवीन आकारात कापला जाणारच आहे तिथून करंगळीच्या पेराएवढे तीन-चार तुकडे काढा. कापताना गार ठेवा. आधी एका तुकड्यावर कानस मारून बघा आणि लिहून ठेवा, लागते की घसरते. ही नोंद पुढे महत्त्वाची ठरते. फक्त लक्षात घ्या की शेपूट बऱ्याचदा मुद्दाम मऊ ठेवलेलं असतं, म्हणून धारेवरही हळूच कानस मारून नोंद करा.

मग एक तुकडा तापवा. मॅग्नेटला चिकटणं सोडेपर्यंत, आणि त्याच्यावर अजून थोडा, म्हणजे ८०० ते ८३० डिग्री सेल्सियसच्या आसपास, चेरीच्या रंगापेक्षा जरा उजळ. अंधारात करा म्हणजे रंग कळतो, उन्हात सगळेच रंग फसवतात. तेलात बुडवा, शेंगदाण्याचं किंवा सूर्यफुलाचं तेल चालतं, ५०-६० डिग्रीपर्यंत कोमट केलेलं, कारण गार तेल घट्ट असतं आणि ते उष्णता नीट ओढत नाही. जळकं इंजिन ऑइल वापरू नका, धूर घातक असतो आणि बाकी फायदा काहीच नाही. सुरुवात नेहमी तेलापासून. पाण्यात थेट टाकलं आणि ते ईएन ३१ किंवा ओएचएनएस (तेलात कडक होणारं टूल स्टील) निघालं तर तुकडा तडकेल आणि तुम्हाला वाटेल स्टीलच खराब.

गार झाल्यावर कानस मारा. काचेवर घसरल्यासारखी घसरली तर साधारण ०.५ टक्के किंवा त्याहून जास्त कार्बन आहे किंवा बरंच अलॉय आहे, सुरीला लायक आहे, तेलाचं स्टील आहे, विषय संपला. मऊच राहिलं तर दुसरा तुकडा तसाच तापवून मिठाच्या पाण्यात. आता कडक झालं तर साधं मध्यम कार्बन आहे, किंवा कार्बन भरपूर आहे पण बाकी काहीच नाही म्हणून तेल त्याला पुरेसं जलद पडलं नाही. या दोघांतला फरक ठिणग्यांत दिसतो. मध्यम कार्बनवालं कोयता, कुऱ्हाडीला उत्तम, स्वयंपाकाच्या पातळ सुरीला मात्र धार लवकर उतरते.

पाण्यातही मऊच राहिलं तर आता ती सुरुवातीची नोंद काढा. मूळ धारेवरही कानस लागत होती आणि आताही लागते, शिवाय ठिणग्या लांब सरळ, तर एमएस आहे. पण मूळ पात्यावर कानस घसरत होती आणि तुमच्या ८३० च्या पाण्यानंतर तुकडा उलट मऊ झाला, तर ते जास्त अलॉयचं आहे, त्याला वरचं तापमान लागतं. एचसीएचसीआर ला साधारण १०१० ते १०४०, सुरीच्या स्टेनलेसला हजारच्या पुढे, आणि एचएसएसला १२०० च्या आसपास. कोळशाच्या भट्टीत डोळ्याच्या अंदाजाने हे जमत नाही, जमलं असं वाटलं तरी आतला दाणा फुगलेला असतो. अशा पात्याला भट्टी दाखवूच नका, आहे त्या कडकपणावर गार ठेवत घासून आकार द्या.

एचएसएसची खात्री करायची अजून एक सोपी युक्ती आहे. कडक असलेला एक तुकडा अंधारात जेमतेम लाल दिसेल इतका तापवा, म्हणजे साडेपाचशेच्या आसपास, आणि हवेत गार होऊ द्या. साधं कार्बन किंवा स्प्रिंगचं स्टील यात मऊ होतं, कानस सहज चावते. एचएसएस जसंच्या तसं कडक राहतं, ते बनवलंच त्यासाठी आहे, लेथवर लाल होईपर्यंत कापत राहायला. एचसीएचसीआर थोडं उतरतं पण कार्बन स्टीलइतकं नाही.

कडक झालेला तुकडा व्हाइसमध्ये जाड कपड्याखाली धरून मोडा आणि छेद बघा. करडा, बारीक, मखमली असेल तर तापमान बरोबर होतं. साखरेसारखे चमकणारे दाणे दिसले तर जास्त तापलं. लोक इथे म्हणतात "दाणा जाड आहे म्हणजे हलकं स्टील", तसं नाही, तुम्ही जास्त तापवलंय एवढंच. पुढचा तुकडा थोडा कमी तापवून बघा, तेच स्टील बारीक दाणा देईल. तुकडे तीन-चार का काढायचे ते यासाठी. मऊच राहिलेला तुकडा न मोडता वाकला आणि लांब लांब धागे सुटल्यासारखे दिसले तर ते जुनं घडीव लोखंड आहे, म्हणजे वर सांगितलेल्या जोडलेल्या पात्याचं अंग.

पाट्याबद्दल एक वेगळा इशारा. "पाटा म्हणजे ईएन ४५" हे आपल्याकडे पाठ झालंय. जुन्या पाट्यांमध्ये सिलिकॉन-मँगनीजवालं मिळतं हे खरं, ०.५ ते ०.६ कार्बन आणि दीड ते दोन टक्के सिलिकॉन, पण पाटे क्रोम-मँगनीजचे असतात, क्रोम-व्हॅनेडियमचेही असतात. सुदैवाने तिन्ही तेलात होतात त्यामुळे सुरी करणाऱ्याला फारसा फरक पडत नाही. फरक पडतो तो थकव्याने, लाखो वेळा वाकलेल्या पाट्यात केसाएवढ्या भेगा असू शकतात आणि पाणी देताना त्या उघडतात, आणि मग दोष स्टीलच्या प्रकाराला दिला जातो. कानशींचंही तसंच, स्वस्त कानशींमध्ये काही नुसत्या कातडीने कडक असतात, आत मऊ. मधून मोडून गाभ्याच्या ठिणग्या वेगळ्या बघा. आणि छापखान्यातल्या कागद कापायच्या मोठ्या पात्यांमध्ये एचएसएसची पट्टी एमएसच्या अंगाला बसवलेली असते, तिथे दोन टोकांच्या ठिणग्यांत जमीन-अस्मानाचा फरक दिसतो.

एवढं करूनही नाव हवंच असेल, म्हणजे ग्राहकाला लिहून द्यायचंय किंवा त्याच लॉटची दहा पाती करायचीत, तर सरळ स्पेक्ट्रो (यंत्रावर धातूतले घटक मोजणं) करून घ्या. भोसरी-चिंचवडला टेस्टिंग लॅब आहेत, कोल्हापूरला शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फाउंड्र्यांमध्ये स्पेक्ट्रोमीटर असतात, ओळखीने तुकडा घासून देतात. रुपयाच्या नाण्याएवढी सपाट स्वच्छ जागा लागते आणि तिथे एक काळा डाग राहतो, म्हणून पातं नका देऊ, तुकडा द्या. एक गोष्ट विचारून घ्या, मशीन कार्बन दाखवतं का. भंगारवाल्यांकडची हातातली एक्सआरएफ गन (क्ष-किरणांनी घटक ओळखणारं यंत्र) क्रोम, निकेल, मँगनीज, मॉलिब्डेनम छान सांगते पण कार्बन सांगतच नाही, आणि पात्याच्या कामात कार्बनच कळला नाही तर अर्धा रिपोर्ट कोरा.

रिपोर्ट हातात आला की नजर कुठे टाकायची ते सांगतो. कार्बन ०.५५ च्या आसपास, सिलिकॉन दीडच्या वर, मँगनीज एकच्या खाली-वर, क्रोम नगण्य, तर ईएन ४५. कार्बन एक, क्रोम दीड, तर ईएन ३१. कार्बन ०.९, मँगनीज एकच्या आसपास, क्रोम आणि टंगस्टन अर्धा-अर्धा, तर ओएचएनएस. कार्बन दीड किंवा जास्त आणि क्रोम बारा म्हणजे एचसीएचसीआर. टंगस्टन सहा, मॉलिब्डेनम पाच, क्रोम चार, व्हॅनेडियम दोन, तर एम २ एचएसएस. मँगनीज कमी, बाकी सगळं शून्याजवळ आणि कार्बन एकच्या वर, तर जुन्या पद्धतीचं साधं पोलाद, आणि असं पातं मिळालं तर जपा, धार घ्यायला त्याच्यासारखं नाही.

एका प्रकारच्या पात्याला मात्र यातलं काहीच करायचं नाही. घरात जुनी तलवार, कट्यार, पट्टा असं काही असेल तर ग्राइंडर, ॲसिड, कानस, सगळं लांब ठेवा. दख्खनच्या जुन्या हत्यारांत उक्कू म्हणजे वूट्झचं पोलाद असू शकतं, कार्बन एक टक्क्याच्या बराच वर, आणि त्याचं जौहर म्हणजे अंगावरची लाटांची नक्षी आतल्या कार्बाइडच्या रांगांमुळे येते, जास्त तापवलं की ती कायमची जाते. फिरंग म्हणतात तशा तलवारींना युरोपातून आलेली पाती असतात आणि त्यांच्यावरच्या अर्धवट खुणा हाच त्यांचा इतिहास असतो, तो कुणीतरी हौसेने पॉलिश करून घालवतो तेव्हा खरंच जीव तुटतो. शंभर वर्षांच्या वरच्या वस्तूंना १९७२ चा पुरावशेष कायदा लागतो आणि तलवार-खंजिरांना १९५९ चा शस्त्र कायदा, तेव्हा अशी वस्तू संग्रहालयातल्या जाणकारांना दाखवा.

आता तुमच्या सुरीकडे. काळपट रंग आहे म्हणजे बहुधा स्टेनलेस नाही, हे आंबटाने पक्कं करून घ्या. मग मोडलेल्या टोकाच्या छेदावर ॲसिड लावून थर आहेत का बघा, जाडी एकसारखी आहे की उतरती ते बघा, धारेवर कानस मारा. कानस घसरत असेल किंवा जेमतेम चावत असेल, तर माझं प्रामाणिक मत, पाणी पुन्हा देऊच नका. जुन्या पात्याला परत पाणी द्यायची घाई बहुतेक वेळा अनाठायी असते, चांगल्या लोहाराने दिलेलं पाणी अजून शाबूत असतं. नवं टोक पाठीकडून घासत आणा, प्रत्येक घासणीनंतर पाण्यात बुडवा, बोटाला चटका बसेल इतकं तापू देऊ नका, आणि धारेलगत निळा रंग आलाच तर तेवढा भाग मऊ झालाय असं समजून घासून काढा. धार मऊच लागली आणि ठिणग्यांत फुलोरा चांगला आहे, तरच तुकड्याची परीक्षा करून तेलात पाणी द्या. मग लगेच ओव्हनमध्ये २०० डिग्रीला दोनदा, प्रत्येक वेळी दोन तास, मध्ये पूर्ण गार करून. हे टेंपर, म्हणजे हलकं तापवून ठिसूळपणा कमी करणं, उद्यावर टाकू नका, पाणी दिलेलं कच्चं पातं रात्रीत आपोआप तडकू शकतं. आणि थर निघाले, म्हणजे जोडलेलं पातं असलं, तर घासताना दोन्ही बाजूंनी सारखंच काढा, नाहीतर मधली पोलादाची पट्टी धारेवरून सरकेल आणि धारेला लोखंड येईल.